साडेसहा फुटी काठी

रविवारी नेहमीप्रमाणे रत्नागिरीला फोन लावला होता. बाबांशी बोलत होतो तेवढ्यात बायकोने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "बाबा, ह्याने आणखी एक काठी आणलीय!"

झालं! बाबांनी फोन आत्याच्या हातात दिला आणि आत्याने सरळ हिशेबच मांडला. "अरे, पाच काठ्या आहेत ना घरात? आता सहा. आणि मासे किती रे आणलेस आजपर्यंत घरी?"

शून्य. म्हणजे धरले आहेत, पण घरी एकही आणलेला नाही. हे आत्याला कसं समजावायचं हा माझा गेल्या चार वर्षांचा प्रश्न आहे. तर मंडळी, ही पोस्ट त्या सहाव्या काठीबद्दल. मासेमारीत रस नसेल तरी वाचा, कारण यात माझा खांदा आहे, शेजारचे आजोबा आहेत आणि बायकोच्या पडद्याचा पाइपही आहे. (बायको, पाइप गॅरेजमध्येच आहे. नंतर लावून देतो.)

नवीन वाचकांसाठी थोडं आधीचं. मी राहतो अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन गावात. गावाच्या आजूबाजूला तळीच तळी. या तळ्यांत मस्कलंज नावाचा मासा असतो. लाडाने त्याला मस्की म्हणतात. सुसरीसारखा लांबट चपटा जबडा, त्यात सुयांसारखे दात, हिरवट अंगावर पट्टे. पाण्यातल्या गवताच्या कडेला हा दबा धरून बसतो. मीटरभर लांबीचा मस्की इथे दुर्मीळ नाही. १९५५ सालापासून तो या राज्याचा अधिकृत मासा आहे. उत्तरेला हेवर्ड गावात मासेमारीचं एक संग्रहालय आहे, तिथे तर फायबरग्लासचा मस्की बांधलाय चार मजली इमारतीएवढा! पोटातून जिना चढून त्याच्या जबड्यात उभं राहता येतं. आमचा सहकुटुंब फोटो आहे तिथला. आत्याने तो बघून विचारलं होतं, "हा तू पकडलास?"

या माशाला इथले लोक 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात. म्हणजे दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक मिळतो. आकडा कुणी मोजलेला नाही, पण माझा अनुभव त्याच्या फार विरोधात नाही. चार हंगामांत तीन मासे. आणि मिळाला की सोडून द्यायचा! कायद्याने इथल्या बहुतेक पाण्यात ४० इंचांहून मोठा मस्की ठेवता येतो, पण मस्कीच्या मागे लागलेली माणसं तो ठेवत नाहीत. एवढा वाढायला त्याला कितीतरी वर्षं लागतात. जाळ्यातच ठेवून, पाण्याबाहेर कमीत कमी काढून, लांब पकडीने गळ सोडवायचा, नाहीच निघाला तर गळच कापायचा आणि माशाला जाऊ द्यायचं.

बाबांना हे पहिल्यांदा सांितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "धरायचा आणि सोडायचा? मग जातोस कशाला?"

बाबा स्वतः गरवायला जायचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर नाही, नोकरीत असतानासुद्धा. भाट्याच्या खाडीवर, रविवारी, भरतीचं गणित बघून. त्यांच्याकडे काठी नव्हतीच. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला नायलॉनचा दोरा, टोकाला शिसं, गरीला कोलंबी. दोरा उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर. शेंगटी कशी चाळवते आणि तांबोसा कसा ओढतो हे त्या एका बोटाला समजायचं. मला ते बोट कधीच जमलं नाही. मी नुसता पिशवी धरून बसायचो.

असो. आता पेटीची गोष्ट.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मला मस्कीचा नाद त्यांनीच लावला. गेल्या पानगळीत एका संध्याकाळी ते एक जड पत्र्याची पेटी घेऊन आले आणि माझ्या पायरीवर ठेवून म्हणाले, "ही तुझी. माझा उजवा खांदा आता गेला. फेकता येत नाही. पण एक अट आहे. कपाटात ठेवायच्या नाहीत, पाण्यात गेल्या पाहिजेत."

पेटीत सव्वीस जर्कबेट होती. बहुतेक लाकडी, काहींवर दातांचे ओरखडे इतके खोल की रंगाखालचं लाकूड दिसत होतं. त्यात सात-आठ सुइक होती. अँटिगो नावाच्या इथल्याच एका छोट्या गावातल्या फ्रँक सुइकने हे आमिष बनवलं. त्याने त्यावर तीस दिवसांत रोज एक असे तीस मस्की धरले अशी गोष्ट इथे प्रत्येक जण सांगतो.

आता जर्कबेट म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय काठीचं काही कळणार नाही. बाकीची बरीच आमिषं आपणहून काहीतरी करतात. पातं फिरतं, शेपूट हलते, तुम्ही नुसतं रीळ गुंडाळायचं. जर्कबेट तसं नाही. ते म्हणजे निव्वळ लाकडाचा ठोकळा. ओढलंत तर मुकाट ओढलं जाईल. त्याला जीव येतो तो काठीच्या झटक्याने. काठी खाली, पाण्याच्या दिशेने ओढायची. सुइक त्या ओढीने खाली बुडी मारतं. थांबलात की हळूहळू वर तरंगतं, अगदी जखमी माशासारखं. त्याची पत्र्याची शेपटी हाताने खाली वाकवली की ते आणखी खोल जातं. दुसरा प्रकार म्हणजे रीफ हॉगसारखी आमिषं. त्यांना लांब ओढ नाही, छोटे टिचके द्यायचे आणि दोरी सैल सोडायची. मग ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घसरत येतात. मस्की बहुतेक वेळा झटक्याला नाही, थांबण्याला धावतो.

म्हणजे लाकडाचा मासा करण्याचं सगळं काम काठीचं. आणि हे एका फेकीत आठ-दहा झटके, दिवसाला शे-दोनशे फेकी. हिशेब तुम्हीच करा. मी तो वेळेवर केला नाही.

माझ्याकडे साडेआठ फुटी काठी होती. फिरत्या पात्याच्या आमिषांसाठी घेतलेली, त्या कामाला उत्तम. मला वाटलं, काठी ती काठी. पेटी मिळाल्याच्या दुसऱ्याच शनिवारी मी तिला सुइक बांधलं. माझी उंची पाच फूट पाच इंच. प्रत्येक झटक्याला काठीचं टोक पाण्यावर आपटायचं. ते आपटू नये म्हणून मी हात छातीएवढा वर धरून, कोपर बाहेर काढून झटके देत राहिलो. बहुतेकांचं असतं तसं माझंही रीळ उजव्या हाताने फिरवायचं, म्हणजे काठी डाव्या हातात. ऑक्टोबरभर हे चाललं. थँक्सगिव्हिंगला डावा हात मागे नेऊन कोटाची बाही घालता येईना. डिसेंबरात डॉक्टरने नाव सांगितलं, फ्रोझन शोल्डर.

दोष सगळा काठीचा नव्हे. मधुमेह असला की खांदा असा आखडण्याचा संभव जास्त असतो, आणि मधुमेह मला आहे. (आत्या, साखर मी सोडली आहे. दिवाळीच्या डब्याचं कुणालाही सांगू नकोस.) पण डॉक्टरने "अलीकडे वेगळं काही केलंत का?" असं विचारल्यावर बायकोने माझ्याकडे जे बघितलं, ते मी इथे लिहीत नाही.

हिवाळा भिंतीवर बोटं चढवण्यात गेला. फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिला होता. भिंतीसमोर उभं राहायचं, दोन बोटांनी मुंगीसारखं वर चढत जायचं, दुखलं की थांबायचं. मी पेन्सिलीने खुणा करत होतो. जानेवारीत बोटं विजेच्या बटणापर्यंत, मार्चमध्ये देवांच्या फोटोच्या चौकटीपर्यंत. खिडकीतून आजोबांचं गॅरेज दिसायचं. ते काही बोलले नाहीत, पण पेटी कपाटातच आहे हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

एप्रिलमध्ये फिजिओथेरपिस्टला मी भीत भीत विचारलं. तिने गळाची काठी आयुष्यात धरली नव्हती. म्हणाली, "करून दाखवा." मी तिच्या खोलीतली व्यायामाची काठी घेऊन झटका देऊन दाखवला. ती म्हणाली, "कोपर बरगडीला चिकटलेलं राहिलं तर चालेल. बाहेर गेलं तर नाही." माझ्या मते मस्कीच्या काठीवरचा मी ऐकलेला हा सगळ्यात उत्तम सल्ला.

कोपर बरगडीला चिकटवून, कमरेपासून खाली झटका. मग काठीची लांबी किती हवी? हे दुकानात जाऊन ठरवण्यापेक्षा आधी घरी मोजावं, ही कल्पना आजोबांची. त्यांनी मला मागच्या दाराच्या पायरीवर उभं केलं. पायरी जमिनीपासून साधारण फूटभर, त्यांच्या होडीचा तळही पाण्यापासून तेवढाच वर. खालचं गवत म्हणजे पाणी. हातात पडद्याचा पाइप! साडेआठ फुटांचा पाइप गवतात रुतला. आठ फूट, रुतला. करवतीने कापत कापत सातावर आलो तेव्हा टोक गवताला अधूनमधून शिवत होतं. साडेसहाला शिवणं थांबलं. मग आजोबा आत जाऊन त्यांची स्वतःची जुनी काठी घेऊन आले. साडेपाच फूट, फायबरग्लासची, झाडूच्या दांड्याइतकी ताठ. जुन्या काळी जर्कबेटच्या काठ्या अशाच आखूड असत. आता मला कळलं का ते.

"मग सगळे आता लांब काठ्या का घेतात?" मी विचारलं.

"शेवटच्या आठ फुटांसाठी," ते म्हणाले.

हे खरं आहे. मस्कीची एक खोड आहे. तो आमिषामागे पार होडीपर्यंत येतो आणि नुसता बघत राहतो. अशा वेळी आमिष पाण्याबाहेर न काढता, काठीचं टोक पाण्यात खुपसून होडीलगत मोठा इंग्रजी आठाचा आकडा काढायचा. वळणं जितकी मोठी, तितकं त्या लांबलचक माशाला वळायला सोपं. लांब काठीने आकडा मोठा निघतो, फेकही लांब जाते. त्यामुळे आठ-नऊ फुटी काठ्यांची चलती आहे, आणि उंच माणसाने त्यांनी जर्कबेटही खुशाल चालवावं. पण त्या झटक्याचं ओझं ज्याच्या खांद्यावर पडतं त्याने आधी पायरीवर उभं राहावं. आखूड काठीवाल्यावर आकडा काढताना गुडघे टेकायची पाळी येते. माझे गुडघे ठीक आहेत. अजून.

लांबी ठरली, तरी दुकानात दीड तास गेला. काठीवर ती किती औंसांचं आमिष पेलते हे लिहिलेलं असतं. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. हलकी काठी हाताला गोड लागते, पण झटका दिला की तीच वाकते आणि आमिष जागचं हलत नाही. म्हणजे मेहनत आपली आणि व्यायाम काठीचा. शिवाय मस्कीचा जबडा हाडांचा, त्यात गळ रुतवायचा तर काठीला कणा हवा. ताठ काठीने मासा लवकर होडीशी येतो, उगाच दमून मरत नाही, म्हणजे सोडून देणाऱ्यालाही तीच बरी. उलट पार दांडकं घेतलं तर फेकताना ते भारच घेत नाही आणि प्रत्येक झटका मनगटात परत येतो. मधलं शोधायचं. खाली ताठ, वरचा चौथा हिस्सा वाकणारा. ग्रॅफाइट हलकं, पण होडीच्या कडेवर आपटलं तर कधी मोडेल सांगता येत नाही. काच दणकट, पण जड.

दोन गोष्टी मात्र कुठल्याच लेबलावर लिहिलेल्या नसतात. पहिली, रिळाच्या मागची मूठ. ती लांब असली की खाली झटका देताना बरगडीत किंवा लाइफ जॅकेटमध्ये अडकते आणि कोपर आपोआप बाहेर जातं. मी दुकानात जॅकेट घालून प्रत्येक काठी ओढून बघितली. शेजारचं गिऱ्हाईक बाजूला सरकून उभं राहिलं. दुसरी गोष्ट तोल. काठी तराजूवर हलकी असून उपयोग नाही. रीळ लावल्यावर तिचं टोक खाली पडत असेल तर ते दिवसभर आपणच उचलून धरत असतो. मी घरून माझं रीळ नेलं होतं. लावून, डोळे मिटून, पाच पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. तिसऱ्या काठीला खांदा काहीच बोलला नाही. तीच घेतली. साडेसहा फूट, आठ औंसांपर्यंतची, दुकानातल्या सगळ्यात महागड्या काठीच्या निम्म्याहून कमी किमतीची.

दोरी ८० पौंडांची, विणलेली, न ताणणारी. ताणणारी असली तर झटका दोरीतच विरतो. टोकाला ताठ तारेचा तुकडा, म्हणजे मस्कीच्या दातांनी तुटत नाही आणि दोरी सैल पडल्यावर गळात गुंतत नाही.

जूनच्या एका शनिवारी पहाटे आम्ही दोघं वॉबेसा तळ्यावर गेलो. आजोबांनी होडीत घडीची खुर्ची टाकली होती. पेटी त्यांच्या पायाशी. "कुठलं बांधू?" म्हटलं तर त्यांनी सगळ्यात जास्त ओरखडे असलेलं काळं सुइक काढून दिलं.

पहिल्या तासात काही नाही. दुसऱ्या तासात काही नाही. पण मी मासा बघतच नव्हतो, खांद्याकडे लक्ष होतं. दोन्ही हातांनी खालून, बाजूने फेक. कोपर बरगडीला. झटका, थांबा. झटका, थांबा. सुइक गवतावरून बुडायचं आणि वर यायचं. साडेनऊ वाजता लक्षात आलं की मी खांद्याचा विचार करायचं विसरलोय.

तेवढ्यात मला काय सुचलं कोण जाणे. एक फेक टाकली आणि काठी आजोबांच्या हातात दिली.

"अरे, मला जमत नाही."

"फेकायला जमत नाही," मी म्हटलं. "फेकून झालंय."

त्यांनी काठी डाव्या हातात घेतली. कोपर बरगडीला चिकटलेलं, उजवा हात रिळावर, तोही मांडीच्या वर उचलावा लागत नव्हता. पहिला झटका त्यांनी इतका हलका दिला की मला वाटलं जमलं नाही. मग सुइक दिसलं. पेटीतलं तेच लाकूड, मी तासभर ओढत होतो तेच, पण ते आता घाबरून पळत होतं आणि दमून थांबत होतं. तिसऱ्या थांब्याला त्याच्या मागे पाण्यात एक लांब सावली आली.

"आठ!" ते ओरडले आणि काठी माझ्याकडे सारली. मी गुडघ्यांवर. टोक पाण्यात, एक वळण, दुसरं वळण. मासा सुइकच्या हातभर मागे, तपकिरी, पाठ माझ्या मांडीएवढी. तिसऱ्या वळणाला तो वळलाच नाही. सरळ खाली गेला, काही घाई नसल्यासारखा.

आम्ही दोघं बराच वेळ पाण्याकडे बघत बसलो. मग आजोबा म्हणाले, "टाक परत."

अकरा वाजेपर्यंत आम्ही तसंच केलं. मी फेकायचं, त्यांनी चालवायचं. दुसरा मासा आला नाही. मिळाला असता तर तो कुणाचा धरायचा यावर परतताना गाडीत वाद झाला. तो अजून मिटलेला नाही. शनिवारी परत जातोय. सव्वीसपैकी चार आमिषं भिजली, बावीस राहिली.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मासा नाहीच!" आणि फोन बाबांकडे गेला. बाबांनी सगळं ऐकलं होतं वाटतं. म्हणाले, "एक सांग. ते लाकूड पाण्यात कसं चाललंय ते हाताला कळतं का?"

"कळतं, बाबा. थांबल्यावर वर येतं तेसुद्धा कळतं."

"मग काठी चांगली आहे," बाबा म्हणाले. "आत्याला मी सांगतो."